गिअर सेट करून आणले अन आठवड्यात पुन्हा कटकट? एमटीबी (माउंटन बाईक) असो का रोड बाईक, आधी हे बघा

सायकल दुकानात नेली, मेकॅनिकने स्टँडवर चढवून गिअर सेट करून दिले, दुकानासमोरच्या गल्लीत दोन चकरा मारल्या तर एकदम मक्खन, अन चार-आठ दिवसांत पुन्हा तेच. क्लिक केलं तरी चेन चढत नाही, चढली तर खटखट करत बसते, नाहीतर चढावर जोर लावला की आपोआपच दुसऱ्या गिअरवर उडून राहिली. पुन्हा दुकान, पुन्हा सेटिंग, पुन्हा पैसे. अन मग कोणीतरी शहाणा सांगतोच, "एमटीबीचे गिअर असेच असतात भाऊ, स्मूथ पायजे तं रोड बाईक घे." गंमत म्हणजे रोड बाईकवाल्याला याच्या उलट ऐकायला मिळतं, की रोडचं सामान नाजूक असते, इथल्या धुळीत टिकत नाही, एमटीबीच घ्यायची होती.

२०१७ ला आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्यानंतर इथं रोड बाईकचं खूळ चांगलंच वाढलं असं मला वाटते, अन आता एकाच घरात पोराची एमटीबी अन बापाची रोड बाईक असं चित्र बरंच दिसते, म्हणून ही तुलना सारखी कानावर येते. दोन्ही सायकली हातात घेऊन उघडल्या की कळते, की दोघींचा आजार बहुतेक वेळा एकच असतो, फक्त दुखणं वेगळ्या जागी निघते. अन ज्या कटकटीला सेट केल्यावर आराम पडतो अन आठवड्यात ती परत येते, ती सेटिंगची कटकट नसतेच. सेटिंग चुकली असती तर पहिल्याच दिवशी दुकानाच्या गल्लीत कळली असती ना. काहीतरी अडकून राहिलं, वाकलं किंवा झिजलं, अन बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल नट, फिरवून ते फक्त झाकल्या जाते.

पण आधी हे ठरवा की बिघाड खरंच आहे का, कारण एमटीबी अगदी ठणठणीत असली तरी तिचा गिअर रोडसारखा गुपचूप पडत नाही, अन त्यामागे साधं गणित आहे. चेनचा पिच, म्हणजे दोन पिनमधलं अंतर, असतो अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे दातेरी चकतीवर एक दात वाढला की तिची त्रिज्या साधारण २ मिलिमीटरने वाढते. आता रोडची १० स्पीडची ११-२८ कॅसेट घ्या, म्हणजे मागच्या चाकावरचा दहा चकत्यांचा संच, आकडे दातांचे: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२८. पहिल्या पाच चकत्यांत चेनला दरवेळी फक्त २ मिलिमीटर चढायचं आहे, आवाज तरी काय येणार. अन आपल्या २१ गिअरच्या साध्या एमटीबीवर बरेचदा जी १४-३४ ची फ्रीव्हील असते ती बघा: १४-१६-१८-२०-२२-२४ अन मग एकदम ३४. शेवटच्या उडीत दहा दात, म्हणजे चेनला एका झटक्यात २० मिलिमीटर वर जायचं आहे, खडाक् होणारच. पायालाही तो झटका बसतो, कारण २४ वरून ३४ वर गेलं की गिअर २९ टक्क्यांनी हलका होतो, अन रोडवर १४ वरून १५ वर गेलं तर जेमतेम ७ टक्क्यांनी. तो ३४ चा गिअर मुद्दाम दिलेला आहे, अगदी खडा चढ आला तर उतरून ढकलावं लागू नये म्हणून. तिथं मक्खन शोधू नका. महागड्या १२ स्पीडच्या एमटीबीवरही १०-५१ कॅसेटच्या शेवटच्या चकत्या ३३-३९-४५-५१ अशा सहा-सहा दातांनी वाढत जातात.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आजकालच्या चकत्यांना ठरावीक जागी खाचा अन उतार कापलेले असतात, चेन तिथूनच वर चढते किंवा खाली उतरते. म्हणजे तुम्ही क्लिक केलं तरी ती खाच फिरून चेनपाशी येईपर्यंत चेन वाट पाहते. आता समोर ३२ दात, मागे ४२, अन चढावर पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरून राहिलं असं धरा, तर कॅसेटचे मिनिटाला ४५-४६ च फेरे होतात, एका फेऱ्याला १.३ सेकंद लागतात. तेच रोडवर समोर ५०, मागे १७ अन पॅडल ९० च्या लयीत असेल तर कॅसेट मिनिटाला जवळजवळ २६५ वेळा फिरते, एक फेरा पाव सेकंदाच्या आत. म्हणून रोडवर क्लिक अन गिअर एकदमच झाल्यासारखं वाटते अन एमटीबी "विचार करून" गिअर टाकते. सेमिनरी हिल्सच्या चढावर अर्धं अंतर गेल्यावर, दम तुटल्यावर, पॅडलवर उभं राहून गिअर टाकाल तर हजारो रुपयांचा डिरेलरही, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ओरडेल. चढ सुरू व्हायच्या आधी टाका, अन टाकताना पायाचा जोर अर्ध्या फेऱ्यापुरता सैल सोडा, पॅडल मात्र फिरतं ठेवा. नुसतं एवढं केल्यानं कित्येकांचा "बिघाड" तिथंच दुरुस्त होतो.

बरं, एमटीबीचं सामान मुळातच मागासलेलं असते, हाही गैरसमज. जोर लावलेला असतानाही चेन सुरळीत सरकावी म्हणून शिमानो कंपनीने काढलेलं हायपरग्लाइड प्लस हे तंत्र २०१८ ला आधी एक्सटीआर या एमटीबीच्या ग्रुपसेटमध्ये, म्हणजे गिअरच्या सामानाच्या संचात, आलं अन रोडच्या ड्युरा-एसला ते २०२१ मध्ये मिळालं. तेव्हा तुलना करायचीच तर सारख्या किमतीच्या, सारख्या वयाच्या अन सारख्या धुतलेल्या दोन सायकलींची करा. पोट्ट्याची तीन वर्षं पार्किंगमध्ये उन्हापावसात उभी असलेली एमटीबी अन काकांची ड्रॉइंग रूममध्ये ठेवलेली रोड बाईक, ही तुलना नाही ना बे.

आता खरा बिघाड.

सगळ्यात आधी एवढंच बघा की गिअर कोणत्या बाजूला जाताना अडतो. मोठ्या चकतीकडे जाताना तुमचा अंगठा केबल ओढतो, त्यात माणसाची ताकद आहे. छोट्या चकतीकडे येताना मात्र तुम्ही केबल फक्त सोडता, परत आणायचं काम डिरेलरची स्प्रिंग करते, एकटी. म्हणून केबल कुठंतरी घासत असेल तर चढताना पत्ता लागत नाही, उतरताना लागतो. चेन मोठ्या चकतीवर टकाटक जाते पण छोटीवर यायला वेळ लावते, किंवा एका क्लिकला काहीच होत नाही अन दुसऱ्या क्लिकला दोन चकत्या एकदम उतरते, असं होत असेल तर डोळे मिटून केबल अन आउटर, म्हणजे केबलवरचं बाहेरचं आवरण, धरा. मेकॅनिक इथं काय करतो, ॲडजस्टर सैल करतो, उतरणं सुधारते, मग चढणं बिघडते, मग परत थोडं घट्ट करतो, अन दोन्हीच्या मधली एक जागा शोधून तुम्हाला सायकल देतो. धूळ अजून थोडी आत गेली की ती मधली जागाच राहत नाही. आठवड्याचं गणित ते हे.

अन इथं चुकायला जागा किती कमी आहे बघा. शिमानोच्या ८ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर, १० स्पीडमध्ये ३.९५. त्यासाठी हँडलवरचा शिफ्टर एका क्लिकला केबल ओढतो ८ स्पीडला साधारण २.८ अन रोडच्या १० स्पीडला २.३ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जरी आउटरमध्ये अडकला तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये लटकते. म्हणूनच जुनी ७ स्पीडची एमटीबी मातीत लोळूनही कशीबशी चालते अन १०-११ स्पीडची रोड बाईक थोड्याशा घाणीने रुसते. रोड बाईक नाजूक वाटते ती यामुळे, चकत्या वाढल्या की माफी कमी होते. ११-१२ स्पीडच्या एमटीबीलाही हाच नियम लागू आहे.

तपासायला काही सामान लागत नाही. मागचं चाक उचलून पॅडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. मग पॅडल थांबवा, अन काहीही न फिरवता शिफ्टरने सगळे क्लिक खाली सोडून द्या. चेन जागची हलणार नाही, पण केबल ढिली पडेल. आता फ्रेमवरच्या खाचेतून आउटर अलगद बाहेर निघते, ते केबलवर पुढे-मागे सरकवून बघा. नवीन असेल तर जणू आत काही नाहीच असं घसरते. किरकिर लागली, एका जागी अडलं, की चोर सापडला.

बहुतेक वेळा तो चोर सापडतो एमटीबीच्या मागच्या डिरेलरपाशी, फ्रेमपासून डिरेलरपर्यंत जो आउटरचा शेवटचा वळसा असतो ना, त्यात. बाहेरून काळं चकचकीत दिसेल, मेकॅनिक म्हणेल चांगलं आहे. टोकाची टोपी उपसून बघा. टोपीच्या तोंडाशी लाल-काळा चिखलाचा गोळा, आतल्या प्लास्टिकच्या नळीचं तोंड चपटं झालेलं, अन आउटरच्या उभ्या तारांपैकी दोन-तीन टोपीला भोक पाडून बाहेर डोकावून राहिलेल्या. केबल ओढली की आउटर त्या टोपीत मागे-पुढे सरकते, म्हणजे तुमच्या अडीच मिलिमीटरमधला मोठा हिस्सा टोपीच खाते. केबलवरून बोट फिरवलं तर त्या जागी खरबरीत लागते, बाकी सगळीकडे गुळगुळीत. हा वळसा जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो, चाकाने उडवलेलं सगळं त्याच्याच तोंडात जाते. अन आपली काळी माती म्हणजे पावसात गोंद अन ऑक्टोबरमध्ये दगड. गोरेवाड्याकडच्या कच्च्या वाटेवर जुलैत एकदा जाऊन आलं की कळते. त्यात लोक मोटरसायकलसोबत सायकलही वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुऊन आणतात, म्हणजे जी माती तोंडाशी होती ती आत ढकलायची व्यवस्था पूर्ण.

रोड बाईकचा हा वळसाही खराब होतो, पण तिच्या आणखी दोन जागा आहेत. एक, पॅडलचा आस जिथं फ्रेममध्ये बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या खाली जिथं केबल उघडी असते अन प्लास्टिकच्या पट्टीवरून वळते. बाटलीतलं एनर्जी ड्रिंक, घाम, रस्त्याची धूळ सगळं ओघळून तिथं जमते अन उन्हाने चिकट होऊन बसते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी उन्हात उभी, विचारूच नका. सायकल उलटी करून ब्रशने साफ करा, दोन मिनिटांचं काम. दुसरी जागा जास्त खतरनाक, ती म्हणजे हँडलवरच्या रबरी हुडच्या आत, जिथं केबल शिफ्टरच्या छोट्या ड्रमवर तीव्र वळण घेते. तिथं केबलचे धागे एक-एक करून तुटतात अन बाहेरून काहीच दिसत नाही. लक्षण एवढंच की मोठ्या चकतीवर चेन नीट चढत नाही म्हणून तुम्ही ॲडजस्टर पाव फेरा घट्ट करता, बरं वाटते, दोन दिवसांनी पुन्हा पाव फेरा, पुन्हा पाव. असं रोज घट्ट करावं लागत असेल तर सेटिंग सोडा, केबल काढून तिचं डोकं बघा. राइडमध्ये तुटली तर डिरेलर सगळ्यात छोट्या चकतीवर जाऊन बसते, अन २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडमध्ये, साडेतेरा तासांच्या हिशेबात असताना मागे फक्त ११ दात उरले तर काय होईल ते सांगायला नको. वर तुटलेला तुकडा शिफ्टरच्या आत रुतून बसला तर तो काढणं हे वेगळंच ऑपरेशन. एमटीबीच्या शिफ्टरमध्ये केबलला एवढं वळण नसते, हँडलवरून ती सरळ पुढे निघते, म्हणून तिथं हा त्रास कमी.

नवीन आउटर घेताना ब्रेकचं आउटर गळ्यात पडू देऊ नका. काही दुकानांत बिनधास्त ब्रेकचंच लावून देतात. कापलेलं टोक बघा: ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली पट्टी असते अन जाडी साधारण ५ मिलिमीटर, गिअरच्या आउटरमध्ये कडेने उभ्या बारीक तारांचं कडं असते अन जाडी ४ मिलिमीटर. ब्रेकचं आउटर दबते, त्यामुळे गिअर कधीच नेमके बसत नाहीत. अन याच्या उलट, म्हणजे गिअरचं आउटर ब्रेकला, हे तर कधीच करू नका, जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटून ब्रेक जाऊ शकतो. कापायला चांगला केबल कटर लागतो, साध्या पक्कडने चेपल्या जाते. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतल्या नळीचं तोंड सुईने उघडा. लांबी एवढी ठेवा की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं तरी ताण येऊ नये. हँडल वळवल्यावर आपोआप गिअर बदलत असेल तर आउटर आखूड आहे, बाकी काही शोधू नका. अन आत तेल-ग्रीस ओतायचा मोह टाळा, चांगल्या आउटरमध्ये नळी आधीच असते, जाड ग्रीस टाकलं की पुढच्या महिन्यात तिथं धुळीचं लोणचं. नवीन केबल टाकल्यावर पहिल्या काही राइडमध्ये थोडी ढिली वाटेल, लोक म्हणतात केबल ताणली, खरं म्हणजे टोप्या अन आउटर आपापल्या जागी बसून राहिलेले असतात. एकदा ॲडजस्टर फिरवा, विषय संपला.

केबल-आउटर नवीन टाकूनही तेच होत असेल तर हँगर. डिरेलर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती. लक्षण असं की मधल्या चकत्यांवर गिअर बरोबर, पण एका टोकाला बिघडलेले, अन ते टोक सुधारलं की दुसरं बिघडते. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सायकल उजव्या कुशीवर पडली, कोणाच्या ॲक्टिव्हाने मागे घेताना ढकलली, कारच्या डिक्कीत डिरेलर खाली करून झोपवली, एवढं पुरते. मागून बघा, डिरेलरमधली दोन्ही छोटी जॉकी व्हील (चेन ज्यांवरून फिरते ती) अन मागच्या चकत्या एका उभ्या रेषेत आहेत का. पण थोडा वाक डोळ्याला दिसत नाही. तपासायचं खरं हत्यार म्हणजे हँगर अलाइनमेंट गेज, दुकानदाराला हे आहे का एवढं विचारा, नसेल तर १०-११ स्पीडची सायकल तिथं सेट करायला देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जुगाड पायजे असेल तर एक आहे: डिरेलर हँगरमध्ये जो आटा असतो तो १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर पिचचा, अन क्विक रिलीजवाल्या (हाताच्या दांड्याने सुटणाऱ्या) मागच्या चाकाच्या पोकळ ॲक्सललाही बहुतेक वेळा तोच आटा असतो. मित्राचं असं चाक मागून आणा, डिरेलर काढा, अन त्या चाकाचा ॲक्सल हँगरमध्ये पिळा. आता तुमच्या सायकलचं चाक अन हे बाहेरचं चाक समांतर पायजे. दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे पट्टीने मोजा. फरक निघाला की हँगर वाकलेला. साध्या सायकलीचा जाड भरीव ॲक्सल मात्र यात पिळू नका, त्याचा आटा वेगळा असतो, हँगरचा सत्यानाश होईल. स्वस्त लोखंडी फ्रेमवर हँगर फ्रेमचाच भाग असतो, तो सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा वेगळा बसवलेला असेल तर एकदा सरळ करून चालवा, पण जोडीला नवीन आणून ठेवा, वारंवार वाकवला की कडकन तुटतो अन डिरेलर चाकात घुसतो. हँगर फ्रेमप्रमाणे वेगवेगळे असतात, ऐन वेळेवर सीताबर्डीत मिळेलच असं नाही.

हँगर एमटीबीचे जास्त वाकतात असं लोकांना वाटते, कारण त्या दगडधोंड्यांत फिरतात. मी बघितलेले वाकडे हँगर मात्र जास्त करून पार्किंगमधलेच आहेत.

आता चेन. इथं लक्षण वेगळं आहे: गिअर बदलताना नाही, जोर लावल्यावर पॅडल एकदम रिकामं पडते, अन तेही एक-दोन ठरावीक चकत्यांवरच. त्या तुमच्या रोजच्या आवडत्या चकत्या असतात, दात झिजलेले. चेन मोजा: १२ पूर्ण कड्यांची (आतली अन बाहेरची मिळून एक) लांबी, पिनच्या मधापासून पिनच्या मधापर्यंत, नवीन असताना बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ११-१२ स्पीडला दीड मिलिमीटर वाढली की बदला, ९-१० स्पीडला सव्वादोन, ६-७-८ ची साधी चेन ३ मिलिमीटरपर्यंत लोक ओढतात पण त्यानंतर फ्रीव्हीलही जाते. अन जुन्या झिजलेल्या कॅसेटवर नवीन चेन टाकली तर आधीपेक्षा जास्त उडेल, त्यासाठी मेकॅनिकला शिव्या देऊ नका, दोन्ही सोबत बदलायला पायजे होते. झीज कशाने होते तर चेनवर जळकं इंजिन ऑइल टाकून. उन्हाळ्यातली आपली धूळ त्यात मिसळली की पॉलिश पेपरची चटणी तयार. तेल थोडं, आतल्या रोलरवर, अन बाहेरचं फडक्याने पूर्ण पुसून. डब्ल्यूडी-४० मारून "ऑइलिंग झालं" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या की ते सफाईला ठीक आहे, त्यानंतर चेनचं तेल टाकावंच लागते.

चेन ठरावीक फेऱ्यांनंतर, सगळ्याच गिअरवर, एकच झटका देत असेल तर एखादी कडी आखडली आहे. पॅडल हळूहळू उलटं फिरवून जॉकी व्हीलकडे बघा, आखडलेली कडी तिथून जाताना डिरेलर किंचित उडी मारतो. ती कडी हाताने आजूबाजूला वाकवून मोकळी करा, थेंबभर तेल टाका.

शिफ्टरचं बटन दाबलं अन ते रिकामंच गेलं, क्लिकच पकडत नाही, हा प्रकार जुन्या अन बरेच दिवस उभ्या असलेल्या सायकलींत फार. आतलं ग्रीस वाळून गोंद झालेलं असते, त्यामुळे छोटा दांडा दात पकडत नाही. नवीन शिफ्टर घ्यायच्या आधी आत पातळ स्प्रे मारा, पन्नासेक वेळा दाबत राहा, घाण वाहून जाऊ द्या, मग पातळ तेलाचे दोन थेंब. बरेचदा जिवंत होतो.

अन एक भानगड अशी जी कितीही सेट केली तरी सुटणारच नाही, ती म्हणजे जोडीच चुकीची. शिमानोमध्ये ८ अन ९ स्पीडपर्यंत रोडचा अन एमटीबीचा मागचा डिरेलर एकाच प्रमाणात केबल मागतो, म्हणून रोडच्या ९ अन जुन्या १० स्पीड शिफ्टरसोबत एमटीबीचा ९ स्पीड डिरेलर लावून लोक रामटेकच्या गडावर आरामात चढतात. पण एमटीबीच्या १० स्पीडपासून ते प्रमाण बदललं. "दोन्ही १० स्पीडच आहेत ना" म्हणून रोडच्या १० स्पीड शिफ्टरला एमटीबीचा १० स्पीड डिरेलर लावला तर गिअर कधीच जुळणार नाहीत. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं प्रमाण आणखी वेगळं. सेकंडहँड घेतली असेल अन पहिल्या दिवसापासून त्रास असेल तर आधी शिफ्टर, डिरेलर अन कॅसेटवरचे नंबर वाचा.

शिमानोच्या क्लचवाल्या (चेन ताणून धरणाऱ्या) डिरेलरच्या एमटीबीसाठी एक छोटी गोष्ट: डिरेलरवर बारीक खटका असतो, तो ऑन असला की चेन आदळत नाही पण अंगठ्याला शिफ्ट जड लागते. अमरावती रोडवर डांबरावर चालवताना ऑफ करून बघा, मग सांगा की एमटीबीचा गिअर जड आहे.

हे सगळं झाल्यावर सेटिंग, अन ती याच क्रमाने: केबल सोडून एच स्क्रूने छोट्या चकतीची हद्द, केबल बांधून एल स्क्रूने मोठ्या चकतीची हद्द म्हणजे चेन स्पोकमध्ये जाणार नाही, मग बी स्क्रूने वरच्या जॉकी व्हीलचं मोठ्या चकतीपासूनचं अंतर, बहुतेक साध्या शिमानोला ५-६ मिलिमीटर, अन सगळ्यात शेवटी बॅरल, पाव-पाव फेरा. मोठ्या चकतीवर चढत नसेल तर मागून बघताना घड्याळाच्या उलट, उतरत नसेल तर घड्याळासारखा. एच अन एल एकदा बसले की त्यांना हात लावायची गरज नसते. कटकट झाली की पहिले तेच स्क्रू पिळणारा माणूस दिसला तर सायकल परत घेऊन या.

समोरच्या डिरेलरबद्दल फार बोलत नाही. रोडचा ५०-३४ चा १६ दातांचा फरक अन साध्या एमटीबीच्या तीन चकत्या, दोन्हीकडे तो थोडा रडतोच. समोर सगळ्यात मोठी अन मागे सगळ्यात मोठी असं तिरकं चालवू नका, घासल्याचा अर्धा आवाज बंद होतो.

इलेक्ट्रॉनिक गिअर घेतले की ही केबलची पंचाईत संपते, खरं आहे, पण हँगर तिथंही वाकतो अन चेन तिथंही झिजते. २०२३ पासून स्रॅमचा असा डिरेलर मिळतो जो हँगरशिवाय थेट फ्रेमला बसतो, फक्त फ्रेम त्याला चालणारी पायजे. तेवढे पैसे असतील तर घ्या, नसतील तर दिवाळीच्या आधी, पाऊस संपल्या-संपल्या, मागचा वळसा अन केबल बदलून टाका. सगळं आउटर नाही बदललं तरी चालते, तो शेवटचा वीतभर तुकडा तेवढा बदला.